अर्ध्या बियाण्याचं औषध

लढाईची सालं होती. नवरा पलटणीत, रहिमतपूरजवळच्या रानात मी नि सासूबाई. जोंधळ्याला तेव्हा फार काणी पडायची. कणसात दाण्याच्या जागी नुसती काळी भुकटी. शेतकी खात्याच्या एका माणसानं पेरणीआधी बियाण्याला चोळायला गंधकाची पूड दिली. गावानं नाकं मुरडली. मला मात्र चैन पडेना. गुण येतो म्हणे, पण कशावरून? मी सातवीची फायनल पास झालेली, डोक्यात किडे फार! ठरवलं, अर्ध्या रानात पूड चोळलेलं बी, अर्ध्यात तसंच. मग कणसंच काय ते सांगतील.

बांधाला लागून एका विधवा काकीचा तुकडा होता. तिचं नि दोन लेकींचं वर्ष त्यावरच निघायचं. ती आली नि म्हणाली, "पोरी, मलाबी दे की वंजळभर."

पूड उरली होती. तरी मी अतिशहाणीनं सांगितलं, "थांबा की एक साल काकी, आधी खरं-खोटं कळू दे."

"बरं बाई, तू शिकलेली," म्हणून ती गेली.

कणसं भरली तशी मी रोज सरी न् सरी धुंडाळायची. पूड लावलेल्या बाजूला काणी नाही. न लावलेल्या बाजूलाही नाही! असं कसं? चुलीपाशी बसून मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, पूड कुचकामी. दोन्हीकडं सारखंच."

भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. पेरताना पाभरीची ओटी भरून तिच्यात बी ओतायचा मान आमच्यात सासूचा, म्हणजे सगळं बी त्यांच्याच हातून गेलेलं. "मी समद्याच बियाला चोळली गं," त्या म्हणाल्या. "एका कणगीतलं बी, त्यात कसला पंक्तिप्रपंच? माझ्यानं न्हाई बघवलं."

मी अशी चिडले! साल फुकट गेलं, आता ताडून काय बघू, असं तणतणत बांधावर गेले. पलीकडं काकी कणसं खुडत होती. टोपलीत निम्म्याहून जास्त काळी.

तिनं एक कणीस चुरडलं, काळा हात माझ्यापुढं धरला. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कळलं का आता खरं-खोटं?" तिनं विचारलं. "मग फुडल्या पेरणीला तरी दे. अन् ह्या पोरींनी तवर काय खायचं, ते बी सांग."