सोनेरी डबा

सत्तरच्या दशकात सांगलीत मी ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग करायचो. आंबट-खारटानं धातू खाल्ला जाऊ नये म्हणून तेजाबाच्या हौदात वीज सोडून त्यावर सोनेरी थर चढवायचा, हे माझं काम. माझा जेवणाचा डबाही तसाच, सोनेरी. खानावळीत भांडी घासणारी मावशी मात्र तो रोज पदर खोचून राखेनं रगडायची.

"मावशी, तो डाग नाही! भांडं टिकावं म्हणून मीच चढवलाय!" मी रोज ओरडायचो.

"व्हय, व्हय," म्हणत ती आणखी मूठभर राख घ्यायची.

एका दुपारी तिनं पांढराफटक डबा माझ्यापुढं ठेवला.

"निघाला बगा एकदाचा! किती दिस त्येच्या मागं लागलेवते!"

मी कपाळाला हात लावला. पण तिचा फुललेला चेहरा बघून "छान झाला," एवढंच म्हणालो.

तिनं लगेच माझा पेला उचलला. तोही सोनेरीच होता.