माळवदावरचं वऱ्हाड

दिगंबरकाका गेल्याची बातमी मला मी शिकवते त्या शाळेच्या व्हरांड्यात कळली. मधली सुट्टी संपत आली होती, मुलं डबे आवरत होती आणि शीतलचा फोन आला. शीतल म्हणजे काकांची एकुलती लेक, माझी चुलत बहीण. ती रडत नव्हती. "ताई, बापू गेले," एवढंच म्हणाली आणि जरा थांबून, "बाजारातच गेले." गंगाखेडच्या बाजारात एका बकऱ्याचा सौदा जमवून देऊन काका लिंबाच्या सावलीला टेकले होते. चहा सांगितला होता. तो यायच्या आत त्यांची मान छातीवर आली. शेजारी बसलेल्या माणसाचा हात तेव्हाही त्यांच्या हातात होता, असं तो माणूस नंतर आमच्या ओट्यावर बसून सांगत होता. मला त्याचं नवल वाटलं नाही. या माणसाचा हात रिकामा असा मी कधी पाहिलाच नाही... तो कायम कुणाच्या तरी हातात, नाहीतर कुणाच्या खांद्यावर.

महिना होत आला त्याला. भेटायला येणारी माणसं अजून येतात आणि काकांच्या बाजारातल्या गोष्टी सांगतात. मला मात्र त्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, ज्या वर्षी सगळ्या जगाला हात आवरून बसावं लागलं आणि माझ्या या काकालाही बसावं लागलं.

आमचं घर राणीसावरगावचं, मेंढरं-शेळ्या पाळणारं. माझे वडील थोरले, ते शेती बघायचे. काका धाकटे, ते जनावरांच्या बाजारात घेणाऱ्या-देणाऱ्यांची गाठ घालून द्यायचे. आमच्याकडं हा सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याच्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. काका म्हणायचे की माणूस तोंडानं खोटं बोलतो, बोटानं नाही. त्यामुळं कुठंही गेले की आधी समोरच्याचा हात धरायचे, मग बोलायचे. गल्लीतल्या कुठल्याही लग्नात मांडवाच्या तोंडाशी तेच उभे, येणाऱ्याला मिठी मारून आत घ्यायला.

कुशावर्ताकाकू याच्या अगदी उलट. अंगानं काटकुळी, कमी बोलणारी, चार पावलं चालली की दम खायला थांबणारी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला क्षय झाला होता. औषधांनी ती बरी झाली, पण एक फुफ्फुस कायमचं अधू राहिलं. त्या आजारपणात माझ्या आजीनं तिचा ताट-तांब्या वेगळा केला होता. तिची वाकळ गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली होती आणि पोरासोरांना तिकडं फिरकू दिलं जात नव्हतं. काका तेव्हा विशीतले. एक दिवस ते सगळ्यांच्या देखत त्या खोलीत गेले आणि तिच्याच ताटात जेवायला बसले. आजी हातची भाकरी टाकून ओरडत राहिली, हे उठले नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की आम्हा पोरींना ती तोंडपाठ होती. नवरा असावा तर असा, असं आम्हाला वाटायचं.

महामारीच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा मी माझ्या मुलांना घेऊन गंगाखेडहून माहेरी आले. आमचं आणि काकांचं घर भिंतीला भिंत लागून. बाजार बंद पडला होता आणि काकांना करमत नव्हतं. गमछा तोंडाला बांधायचा असतो हे त्यांना मान्य नव्हतं, तो गळ्यातच राहायचा. रोग भित्र्याच्या मागं लागतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी दिसला की जवळ जायचे, हात धरायचे, आणि तो मागं सरकला की त्यांचा चेहरा पडायचा. काकूनं फाटकापाशी पाण्याची बादली आणि साबण ठेवला होता. बाहेरून आलं की हातपाय धुवायचे, कपडे शेळ्यांच्या छपरात बदलायचे, मग घरात. काका बादलीत बोटं बुडवल्यासारखं करायचे आणि सरळ आत यायचे. काकू मुकाट्यानं उंबरा पुसून घ्यायची.

मग पुण्याहून शेजारच्या आळीतला एक पोरगा आला. लय दिवसांनी आला म्हणून काका त्याला गळाभेट देऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला आणि गाडी येऊन त्याला परभणीला घेऊन गेली. तो पुढं चांगला बरा होऊन आला, पण त्या दिवशी कुणाला काय माहीत? गल्ली चिडीचूप झाली. काकूनं आपली वाकळ, तांब्या, ताट उचललं आणि परसाकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी आमच्या अंगणातून सगळं बघत होते. काका दाराशी गेले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कुशे, तवा समदे तुझ्यापासून पळायले होते. मी पळालो का?"

मग दाराआडून काकूचा बारीक आवाज आला. "न्हाई पळाले. ते मी मरंपर्यंत इसरणार न्हाई. पण तवा मला कुणी इचारलं न्हाई, मला दूर लोटलं. आज मी तुमाला सांगायलेय की लांब बसा. दूर लोटणं येगळं, लांब बसणं येगळं."

काका तिथंच उंबऱ्याखाली बसले... मला वाटलं, आता उठतील आणि पाराकडं निघून जातील. ते उठले नाहीत. मला त्या दिवशी प्रथमच कळलं की काकांचा हट्ट अडाणीपणाचा नव्हता. त्यांनी तरुणपणी माणसाला वाळीत टाकणं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि या नव्या नियमांत त्यांना तेच दिसत होतं. काकूनं तेच वाळीत टाकणं अंगावर सोसलं होतं आणि तरी तिला नियम हवे होते, कारण छातीत हवा न मावणं म्हणजे काय हे घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

त्या दिवसापासून काका अंगणात बाजेवर झोपू लागले. बादलीत कोपरापर्यंत हात धुवायचे आणि आम्हाला दाखवायचे. काकू खोलीत शेंगा फोडायची, हे दाराबाहेर बसून गप्पा सांगायचे. नशिबानं त्यांना काही झालं नाही. पंधरवडा उलटल्यावर काकूनं दार उघडलं, तरी बाज अंगणातच राहिली. रोगाची भीती त्यांना कधीच वाटली नाही. काकूच्या धापेची वाटू लागली. ती खोकली की हे बोलता बोलता थांबायचे.

खरी कसोटी पुढं होती. शीतलचं लग्न चुडावा गावच्या मुलाशी आधीच ठरलेलं होतं आणि एकदा लांबणीवरही पडलं होतं. सोयरे चांगले होते, त्यांचं म्हणणं की चार माणसांत उरकून घेऊ. परवानगीही मोजक्याच माणसांची होती. पण काकांचा जीव तुटत होता. साऱ्या गल्लीच्या लग्नांत ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले होते आणि आता आपल्या एकुलत्या लेकीच्या लग्नाला गल्लीला दार लावून घ्यायचं? कायदा कायद्याच्या जागी, असं म्हणत ते घरोघर आवतण द्यायला निघालेच होते. काकू तेव्हा ज्वारी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली की बोलवा सगळ्यांना, मी माळवदावर बसून बघीन. मला गर्दीत यायचं नाही.

काका फाटकापाशी थबकले. वर माळवदाकडं बघितलं, मग शेजारच्या माळवदाकडं, मग त्याच्या पलीकडच्या. आमच्या गल्लीत घरं इतकी लागून आहेत की एका छतावरची वाळवण दुसऱ्या छतावरून राखता येते. ते वळून आले आणि काकूसमोर, पण लांबच, उकिडवे बसले. "म्हंजे समदेच माळवदावर बसले तर?"

काकूनं पहिल्यांदा मान वर केली.

दुसऱ्या दिवशी हा माणूस तोंडाला गमछा बांधून गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि घराघराला हाक मारून आवतण देऊ लागला. लग्नाला यायचं, पण आपापल्या माळवदावर. जेवण घरपोच येईल. कुणी हसलं, कुणी बरं म्हणालं. भिवाजीआबांना मात्र राग आला. आबा गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे, त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "दिगंबर, लग्नाला बोलवायलास का हाकलायलास?"

"आबा, गुरुजी लग्नात काय म्हनतेत?" काका म्हणाले. "सावधान म्हनतेत. मीबी तेवढंच म्हनायलोय."

आबा असे हसले की त्यांच्या घरातली माणसं बाहेर आली. त्यांचं माळवद सगळ्यांत पहिल्यांदा सारवलं गेलं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून अंगणात चुली पेटल्या होत्या. आम्ही मोजक्या बायका तोंडाला पदर बांधून पुऱ्या लाटत होतो. घरटी एकेक डबा भरून ओट्यावर ठेवायचा, हाक द्यायची आणि मागं सरकायचं. आत जायचं नाही. दुपार कलली तशी माळवदं भरू लागली. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका, टोपी घातलेले म्हातारे, कठड्याला धरून उभी पोरं. जिथं नुसत्या मिरच्या आणि पापड वाळायचे तिथं माणसं उभी होती. काकू जिना चढायला लागली. तीन-चार पायऱ्या, थांबणं, पुन्हा तीन-चार पायऱ्या. मी खालून बघत होते, मदतीला कुणी जायचं नाही असं तिनंच बजावलं होतं. वर पोचल्यावर ती आमच्या माळवदावर एकटीच उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू.

खाली मांडवात नवरा-नवरी, गुरुजी, चार सोयरे आणि देवळातून आणलेला भोंगा. काकांनी माईक हातात घेतला आणि एकेका माळवदाचं नाव घेऊन स्वागत करायला लागले. आबा, या बसा. गंगूमावशी, लेकी-सुना आल्या का? गुडघा कसा हाय? ज्याला ज्याला त्यांनी एरवी मिठी मारून आत घेतलं असतं, त्याला त्याला ते नावानं आत घेत होते. ज्याचं नाव येईल तो माळवदावरून हात वर करायचा. शेवटी काकूकडं बघून ते थांबले. मग म्हणाले, "कुशावर्ताबाई, समदे आलेत. आता सुरू करावं का?"

काकूनं वरून मान हलवली. मंगलाष्टकं झाली, आणि 'सावधान' म्हणताच चारी बाजूंच्या माळवदांवरून अक्षता उडाल्या. खाली आमच्यापर्यंत फारशा पोचल्या नाहीत, बहुतेक मध्येच गल्लीत पडल्या. दुसऱ्या दिवशी चिमण्यांचा सगळ्या गल्लीभर नुसता कल्ला. पण तो हलगीचा आवाज, ती छतांवर नाचणारी पोरं, आबांची वर उडालेली टोपी... एवढं भरलेलं लग्न आमच्या गावात त्याआधी मी पाहिलं नव्हतं. शीतलनं जाताना खालूनच आईला नमस्कार केला. काकूनं दोरीला टोपली बांधून खण-नारळ खाली सोडला, आणि ती टोपली लेकीच्या हातात पडेपर्यंत दोरी सोडली नाही.

त्या लग्नातून गल्लीत कुणीही आजारी पडलं नाही. जिचं कसं होणार याची सगळ्यांना धास्ती होती, ती काकू ते वर्षही पार करून गेली आणि पुढचंही. लसीला ती स्वतः पुढं झाली, काका तिच्यामागं रांगेत उभे राहिले आणि सुई बघून त्यांनी डोळे मिटले. बाजार पुन्हा भरला त्या दिवशी ते नवं उपरणं घेऊन गेले आणि येताना सगळ्यांच्या हाताचा वास अंगाला लागल्यासारखे खुशीत आले. दोघांचे स्वभाव काही बदलले नाहीत. ती बादली ठेवायची थांबली नाही, हे मिठ्या मारायचे थांबले नाहीत. फक्त घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायचे, कुणी बघत नसलं तरी.

गेल्या आठवड्यात भिवाजीआबांच्या नातवाचं लग्न झालं. आता कसली बंधनं नाहीत, मांडव भरून वाहत होता. पण शीतलच्या लग्नापासून आमच्या गल्लीत एक रीत पडली आहे. ज्यांना गर्दी झेपत नाही असे म्हातारे, आजारी, बाळंतिणी माळवदावर बसतात, आणि मंगलाष्टकांच्या आधी काका माईकवरून विचारायचे की वरची मंडळी आली का. वरून उत्तर आल्याशिवाय गुरुजी सुरुवात करत नसत. या वेळी वेळ झाली आणि माईक हातात घेऊन कुणी पुढं होईना. काकू दुखवट्यातली, विधवा. ती कडेच्या माळवदावर भिंतीला टेकून मागं बसली होती. आबा काठी टेकत तिच्या जिन्याखाली आले, माईकची वायर वर द्यायला लावली आणि म्हणाले, "कुशे, दिगंबराचं काम हाय. तूच कर."

ती उठली. कठड्यापाशी आली, दम खाल्ला. एवढ्या माणसांत तिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. भोंग्यातून तो बारीकच आला, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"माळवदावरची मंडळी आली का?"

आणि सगळ्या छतांवरून एकदम उत्तर आलं... "आलो!"

काकूनं खाली गुरुजींकडं बघून मान हलवली.