चुंबळीवरची रिकामी जागा

सुरुवातीलाच सांगून टाकते — भूतखेत, भानामती, अंगात येणं, यातलं काही म्हणजे काहीही मी मानत नाही. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात घरातले देव नदीत सोडून आले. बाबांनी आम्हा भावंडांकडून बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ करून घेतल्या होत्या. आमच्या राळेगावात कुठल्या बाईच्या अंगात आलं असं कानावर आलं की ते म्हणायचे, "तिले आधी पोटभर जेवू घाला, मंग इचारा कोण आलं ते." अशा घरातली मी. त्यामुळे हे वाचून "मॅडमना भूत दिसलं" असं कुणी म्हणत फिरू नये. मला काहीच दिसलं नाही… तीच तर अडचण आहे.

बाबांचं टेलरिंगचं दुकान होतं. काज-बटण मी चौथीत असतानाच शिकले. तुटकं बटण दिसलं की माझा हात आजही आपोआप सुईकडे जातो, मग शर्ट कुणाचा का असेना. एकदा बँकेतल्या साहेबाला त्याच्या खुर्चीवरच बटण लावून दिलं होतं, बिचारा लाजून लाल! आणि बाबांचं एक वाक्य कायम डोक्यात — गाठ सुटली, तर शिंप्याची इज्जत सुटली.

मी यवतमाळच्या एका कॉलेजच्या लोककला संग्रहालयात सहायक आहे. संग्रहालय म्हणजे नाव मोठं, खोल्या दोन. कोलामांच्या बांबूच्या टोपल्या, गोंडांचे ढोल, तांड्यांवरचं भरतकाम, जुनी लाकडी मापं. हे घडलं तेव्हा मी कॉन्ट्रॅक्टवर होते. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडं अळीने जात होती, उरलेल्याला भाव नव्हता, आणि रोज पेपर उघडला की आमच्याच जिल्ह्याचं नाव. आमच्याकडे मात्र त्याच वर्षांत वस्तू भराभर येत होत्या, कारण घराघरांतल्या पेट्या रिकाम्या होत होत्या. संग्रहालयाचे प्रमुख, आमचे सर, खूश, "कलेक्शन वाढतंय!" मला ते ऐकून चीड यायची. पण रजिस्टर लिहायला मीच असायची, तेव्हा बोलणार कुणाला?

त्यात एक चुंबळ आली. बंजारा बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात ती, मागे मानेवर भरतकामाचा चौकोनी पडदा सोडलेली. बोरी अरबकडच्या एका तांड्यावरून एक माणूस स्वतः आणून देऊन गेला. लाल कापड, त्यावर इतके बारीक टाके की उलट्या बाजूनेही सुलटंच वाटावं, आणि चारी कडांना कवड्या. मी बघतच राहिले. पण उजव्या कोपऱ्यात एक कवडी नव्हती.

झालं! मला चैन पडेना. खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कवडी तुटून पडली असती तर खाली जुना धागा दिसला असता, कापडाचा रंग थोडा गडद राहिला असता, निदान सुईची भोकं तरी असती. त्या जागी एकही भोक नव्हतं. तिथे कधी सुई लागलेलीच नव्हती. शिंप्याची लेक मी, मला ते दिसलं. पण मी काय ठरवलं? करणारी बाई विसरली असेल. एवढं काम करणारी बाई एक कवडी विसरेल का, हा विचार मला शिवला नाही. आपला शहाणपणा!

बाजारातून तशीच जुनी कवडी शोधून आणली आणि लाल सुती धाग्याने लावून टाकली. चुंबळ काचेच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं, चावी माझ्या पर्समध्ये. चावी एकच.

सोमवारी आले तर कवडी खाली पांढऱ्या कापडावर पडलेली. शेजारी धागा. मी धागा उचलून उजेडात धरला. तुटलेला नाही, कुरतडलेला नाही, कापलेला नाही. अख्खा, जेवढा घेतला होता तेवढाच लांब. गाठ सुटली होती.

मी सरळ आमच्या शिपायावर घसरले. "गजाननभाऊ, पेटी कोणी उघडली?"

"मॅडम, चावी तुमच्यापाशी. मी कायले उघडू? मले कवड्या खेळाच्या हायेत का आता या वयात?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मला राग आला तो स्वतःच्याच गाठीचा. दुसऱ्यांदा धागा दुहेरी घेतला, तीन गाठी मारल्या, आणि पेटीच्या फटीवर सही केलेली कागदाची पट्टी चिकटवली. दहा दिवस कवडी जागच्या जागी होती. अकराव्या दिवशी पुन्हा खाली. पट्टी शाबूत, सही शाबूत. धागा पुन्हा अख्खा… तीन गाठी सोडवायच्या म्हटलं तर मला स्वतःला टाचणी घेऊन पंधरा मिनिटं लागली असती.

फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, रस्त्यावरून ट्रक जातात, व्हायब्रेशन असेल. असेल बुवा. पण मग बाकीच्या चाळीसेक कवड्यांना ते व्हायब्रेशन कसं लागत नाही?

मग बाहेरची टीम संग्रहालय बघायला येणार असं ठरलं. सर म्हणाले, "तो कोपरा नीट करा, बरं दिसत नाही." आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला मी नायलॉनचा धागा घेतला, मेण लावलं, चार गाठी मारल्या आणि कुलूप घातलं. म्हटलं, आता बघू कशी सुटते ते.

त्याच दिवशी दुपारी दीडच्या सुमारास गजाननभाऊ एका बाईंना घेऊन वर आले. साठीच्या असतील. पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला, हातात पिशवी. "मॅडम, यायचं काही सामान हाय म्हणते आपल्याकडं."

मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. जमनाबाई नाव. चुंबळ त्यांनी केली होती आणि देऊन गेला तो त्यांचा थोरला मुलगा.

"मी कापूस वेचाले गेलती बाई, तवा यानं पेटीतून काढली. मले चार महिने पत्ता नाही. काल सुनेच्या तोंडून निंगालं."

मी म्हटलं, "मावशी, परत हवी असेल तर अर्ज करता येतो, मी लिहून देते."

"परत कायले नेऊ? इथं कुलपात हाय ते बरं हाय. मले एकच सांग…" त्या माझ्याकडे वाकल्या. "पुरी तं नाही केली ना कोणं?"

मी विचारलं, "पुरी म्हणजे?"

"आमच्या घरी असंच राह्यते बाई. माय सगळी चुंबळ करते, एक कवडी सोडते. पोरगी सासरी निंगाली का ते सोताच्या हातानं लावते. तवा ते तिची होते. तोवर कोणाचीच नाही." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "माह्या सोनीची हाय ते."

सोनीचं लग्न ठरलं होतं. त्याआधी एक हंगाम भावांबरोबर ऊसतोडीला गेली, मुकादमाच्या ट्रकमधून. वाटेत एका ढाब्यावर गाडी थांबली. पोरगी पाणी घ्यायला उतरली, आणि गाडी निघायच्या वेळी नव्हती. एकोणीस वर्षांची. भावांनी शोधलं, पोलिसांत गेले, पुढल्या वर्षी पुन्हा त्याच रस्त्याने शोधत गेले. अकरा वर्षं झाली होती. भाऊ आता म्हणत, ती मेली, दिवस करून मोकळे होऊ. आई करू देत नव्हती.

"त्यायनं चुंबळ इथं कायले देली, मले समजते ना. डोयापुढं नसली का म्हातारी भुलून जाईल, असं वाटलं त्यायले. मी नाही भुलत. जागा रिकामी हाय तोवर पोट्टी येनार हाय. कोणं भरली असन, तं मी समजीन का ते येऊन गेली, अन् मले न भेटता गेली."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तीन तासांपूर्वी ती जागा मीच भरली होती, चार गाठी मारून. चुंबळ स्टोअरमध्ये आहे म्हणावं, उद्या या म्हणावं… सगळे विचार येऊन गेले. पण त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मी मुकाट्याने त्यांना पेटीपाशी नेलं.

जागा रिकामी होती.

कवडी खाली पांढऱ्या कापडावर होती. शेजारी नायलॉनचा धागा, अख्खा. कुलूप बंद. मी सकाळपासून त्याच खोलीत होते, गजाननभाऊ खाली जिन्यापाशी, आणि पेटीच्या जवळसुद्धा कुणी फिरकलं नव्हतं.

जमनाबाईंनी काचेवर तळहात ठेवला आणि हसल्या. इतकं हसू! "रिकामीच हाय. यायचीच हाय अजून माही सोनी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नुसतं "हो मावशी" म्हणायचं होतं, आणि त्या हसत हसत एसटीत बसल्या असत्या. पण ती पडलेली कवडी त्यांनी बघितली. "हे कोठून पडली?" असं विचारलं. आणि मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून तसंच वळण आहे. मी सगळं सांगून टाकलं. माफीही मागितली. "चुकलं माझं मावशी, मला माहीत नव्हतं. मी लावली होती."

त्यांचं हसू हळूहळू गेलं. "किती येळा?"

"तीनदा."

"कुलूप होतं?"

"होतं."

"चावी?"

"माझ्याजवळ."

त्यांनी काचेवरचा तळहात काढून घेतला. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सावकाश म्हणाल्या,

"जित्ती असती तं दारातून आली असती वं, बाई."

मी काहीतरी बोलायला गेले… गाठ सैल राहिली असेल, धागा सरकला असेल, असं काहीतरी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आता लावू नोको. तिले पटत नाही." मग पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. मी चहासुद्धा विचारला नाही.

महिनाभराने थोरला मुलगा आला. तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन, हात जोडून. "मॅडम, काय सांगतलं तुमी मायले? घरी आली अन् म्हणे, सोनीचे दिवस करून टाका. अकरा वर्ष आमी सांगून राह्यलो, आयकत नव्हती. लय उपकार झाले." मी ती पिशवी घेतली. का घेतली, कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी जमनाबाई गेल्याचं कळलं.

त्या दिवसानंतर मी तिथे कवडी लावली नाही. सर ओरडले, लेखी खुलासा मागितला, तोही दिला. जागा आजही मोकळी आहे.

आता माझं दुखणं ऐका. नायलॉनला मेण लावलं की गाठ सरकते. हे बाबांनीच मला शिकवलं होतं, आणि घाईत मी विसरले. म्हणजे तिसऱ्या वेळचं उत्तर आहे. पहिल्या दोन वेळांचं नाही. घरी एका फडक्यावर तशीच कवडी, तसाच सुती धागा, तशाच तीन गाठी मारून बघितल्या. फडकं पंख्याखाली टांगलं, धुतलं, पिळलं, धाकट्या भाच्याच्या हाती खेळायला दिलं. नाही सुटली. मग नायलॉनला मेण लावून चार गाठी मारून बघितल्या, त्यासुद्धा नाही सुटल्या.

भूत नसतंच, हे मी आजही म्हणते. पण ते नसेल, तर त्या आईला तिची लेक मेल्याचं कुणी सांगितलं? मी सांगितलं. माझ्या सुटलेल्या गाठीने सांगितलं. कदाचित सोनी कुठेतरी जिवंत होती, असेल, आणि तिच्या आईने तिची वाट पाहणं माझ्यामुळे सोडलं. बाबांची लेक असून मी कित्येकदा मनातल्या मनात म्हटलंय — भूतच असू दे. निदान त्या बाईला खरं तरी कळलं असेल.

इथे वाचणाऱ्यांत जाणकार पुष्कळ आहेत. कुणाला यातलं नक्की काही ठाऊक असेल, तर जरूर सांगा. फक्त, गाठ माझीच सैल होती असं सांगणार असाल… तर नका सांगू.