दिवसा न खाल्लेलं वरण

दारव्ह्याच्या बसस्टँडवर नेरच्या गाडीची वाट पाहताना एक म्हातारबा माझ्या शेजारी बसले होते. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सारखा फिरत होता, कापसाची न संपणारी वात वळत असल्यासारखा. त्यांनी गोळी घेतली, डबा मांडीवर ठेवला, पण उघडला नाही. डोळे मिटून बसले.

मी माझा डबा उघडला. फोडणीच्या वरणाचा वास सुटला.

"काका, घ्या थोडं."

"नाही बापा. माह्या वावरात तूरच तूर हाय, पन वरण मी रातच्यालेच खातो. दिवसा खाल्लं तं कंपवाताच्या गोईचा जोर लागत नाही, डॉक्टरनं सांगतलं. मंग सुनेले मले भरवा लागते."

उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. त्यांच्याकडे पाहता पाहता मलाही पेंग आली. जाग आली तेव्हा काका पोळीचा घास वांग्याच्या भाजीत बुडवून सावकाश तोंडाशी नेत होते. आपल्याच हातानं.

"अरे वा, थांबला की हात!" मी मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच निजला."