काशीतला एकमेव मराठी गीतकार

मी पेटी वाजवतो. गाणारा पुढे गातो आणि मी त्याच्या मागून दोन पावलं चालत राहतो, तो अडखळला की आपणही अडखळल्यासारखं करतो, म्हणजे लोकांना वाटतं की ते मुद्दामच होतं. बनारसमध्ये असे पेटीवाले दर गल्लीत दोन सापडतील. सकाळी घरी शिकवण्या, संध्याकाळी मुन्शी घाटाजवळच्या एका हॉटेलच्या छतावर वादन, लग्नसराईत जे मिळेल ते. हॉटेलातले पाहुणे जेवत असतात. माझ्या यमनला आजवरची सगळ्यात मनापासून दाद एका वेटरने दिली, तीही हातात डाळीचं भांडं असताना.

अशा माणसाने गीतकार व्हायचं काही कारण नव्हतं. पण अठ्ठेचाळिसावं लागलं आणि मला आपलं काहीतरी मागे राहावं असं वाटायला लागलं. संक्रांतीला तिळगूळ खाता खाता मी घरात जाहीर केलं, "यंदा सहा गाणी करणार. शब्द माझे, चाल माझी, गाणारही मीच. आणि मराठीत."

बायको म्हणाली, "मराठीत का?"

मी तिला मातृभाषेबद्दल काहीतरी सांगितलं. खरं कारण असं की हिंदीत लिहिणारे बनारसला ढिगाने आहेत. मराठीत मैदान मोकळं होतं. काशीतला सर्वश्रेष्ठ मराठी गीतकार व्हायला एक गाणं पुरे होतं, आणि मी तर सहा करणार होतो.

आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. चार पिढ्या इथेच गेल्या. घरात मराठी बोलतो, पण ती आमची मराठी. आम्ही सब्जी आणतो, परेशान होतो, गरमीत पंखा बिगडतो. बायको नाशिकची, शाळेत गणित शिकवते. लग्न होऊन आली तेव्हा तिने महिनाभर माझ्या बोलण्याकडे नुसतं आ करून पाहिलं, मग सोडून दिलं. म्हणूनच गाण्यांचे कागद मी तिला दाखवले नाहीत. ती लाल पेन घेऊन बसली असती. मी आतल्या खोलीत दार लोटून गायचो आणि ती बाहेर काय ते ऐकायची.

होळीपर्यंत दोन गाणी झाली. तिसरं तिच्यावर होतं. नवऱ्याने बायकोवर गाणं करावं, हे मला फार उदार वगैरे वाटत होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी इतकी धडपड केली, नाव झालं नाही, पैसा झाला नाही, तरी ही हसतमुखाने राहिली, असा भाव होता. धडपड हा शब्द मला किरकोळ वाटला. त्याच्याऐवजी एक भारदस्त शब्द सुचला आणि मी स्वतःवरच खूश झालो.

सोळा वर्षं केली चेष्टा, रिते राहिले हात
तरी हसून तू तेवत ठेवलीस देवापाशी वात

चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या हिंदीच्या मास्तरांनी प्रगतिपुस्तकावर दरवर्षी लिहिलेला शब्द, 'और चेष्टा करें.' मला त्याचा अर्थ शिकवायची कुणाला गरज नव्हती.

तबल्याला मी एका रेल्वेच्या इंजिनिअरला धरलं. सांगलीकडचे, बदलीवर इथे आलेले, एकटेच राहायचे आणि मराठी बोलायला माणूस मिळावा म्हणून काहीही वाजवायला तयार होते. रेकॉर्डिंग त्यांच्याच क्वार्टरमध्ये केलं, कारण आमच्या गल्लीत घंटा, कुकर, माकडं आणि मोटारबोटी यांच्यामधून चार मिनिटांची शांतता मिळणं शक्य नव्हतं. क्वार्टर स्टेशनला लागून होतं. खिडकीला दोन गाद्या लावल्या, पंखा बंद केला आणि मेच्या उन्हात बनियनवर बसून मी विरहाचं गाणं म्हटलं. घामाने बोटं पट्ट्यांवरून घसरत होती. पाचव्यांदा सगळं सुरळीत जमलं, तेव्हा तिसऱ्या अंतऱ्यात स्टेशनच्या भोंग्यातल्या बाई म्हणाल्या की गाडी दोन घंटे विलंबाने येत आहे. ते ध्वनिमुद्रण आम्ही तसंच ठेवलं. सहाव्यांदा गायची ताकद राहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. बायकोवरच्या गाण्यात इंजिनिअर ध्रुवपदाला हलकीफुलकी, नाचरी लय धरायचे.

"जरा गंभीर वाजवा ना," मी म्हणालो.

"गंभीर आहेच हो," ते म्हणाले, "पण वरून हसतं ठेवायचं. मग जास्त लागतं."

मला हे फार खोल वाटलं. मी मान डोलावली.

त्या उन्हाळ्यात घरातही काहीतरी बदललं. बायको माझ्याशी नरमाईने बोलायला लागली. हॉटेलातून आलो की ताट वाढलेलं असायचं. एकदा तर माझ्या कुर्त्याचं बटण न सांगता लावून ठेवलं होतं. मी ठरवलं की कलावंताची कदर उशिराने का होईना घरात सुरू झाली.

सहा गाणी श्रावणात पुरी झाली. नाशिकच्या मेहुण्याला पाठवली. त्याने ती ऐकली की नाही देव जाणे, पण आपल्या सोसायटीच्या दिवाळी पहाटेला त्याने मला बोलावलं. मी, बायको आणि तबल्याला इंजिनिअर, असे तिघं गाडीने निघालो. जाताना मी वरच्या बर्थवर पडून मुलाखतीत काय सांगायचं याची तयारी केली. मुलाखत घ्यायला कुणी येणार नव्हतं.

सोसायटीच्या पटांगणात मांडव होता. बॅनरवर 'वाराणसीचे सुप्रसिद्ध गायक' असं छापलं होतं, आणि फोटो गंगेचा होता. समोर दीडशेक माणसं, कानटोप्या, शाली, नव्या साड्या, उटण्याचा वास. पहिली दोन गाणी लोकांनी सभ्यपणे ऐकली. एक आजोबा डुलत होते. ते झोपले होते हे मला नंतर दिसलं.

मग मी तिसरं घेतलं. "हे माझ्या पत्नीसाठी," म्हणालो. ती तिसऱ्या रांगेत वहिनीशेजारी बसली होती. मी डोळे मिटले आणि सुरू केलं, सोळा वर्षं केली चेष्टा.

मांडवात खसखस पिकली.

मला वाटलं, शब्द भिडला. म्हणून तोच पुन्हा घेतला. जिथे दाद मिळते तिथे थांबावं, हे मी तीस वर्षं मोठमोठ्या गायकांना करताना पाहिलं होतं. मी चेष्टा खालून घेतली, वरून घेतली, गंधारावर ठेवून बघितली, आलापीत फिरवली. प्रत्येक वेळी हशा वाढत गेला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ रुमालाने डोळे टिपत होते. मी मनात म्हटलं, बघा, रडवलं की नाही. इंजिनिअरसाहेब रंगात येऊन तबल्यावर ठुमकत होते. शेवटी टाळ्या थांबेनात. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी एवढ्या टाळ्या वाजल्या नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर बाई फराळाची बशी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बायकोची चेष्टा सगळेच करतात हो. पण चारचौघांत कबूल करणारे तुम्हीच पहिले बघितले. बरं झालं, आमचे हे पुढेच बसले होते."

मी हसलो. चिवडा खाल्ला. मग इंजिनिअरना मांडवाच्या मागे नेलं.

"चेष्टा म्हणजे काय?"

"थट्टा. टिंगल. का हो?"

"प्रयत्न नाही?"

ते मग खुर्चीवर बसले. "म्हणजे तुम्हाला... अहो, मला वाटलं पश्चात्तापाचं गाणं आहे! सहा महिने मी त्या हिशोबाने वाजवतोय."

आमच्या घरी थट्टेला मजाक म्हणतात. काय करणार.

मी त्यांना कुणाला न सांगण्याची शपथ घातली. पण खरी अडचण दुसरीच होती. लोक हसले त्याचं मला फार नव्हतं. बायको नाशिकची. तिला चेष्टेचा अर्थ पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. मग ती महिनोन् महिने दाराबाहेर काय समजून ऐकत होती?

ते परतीच्या गाडीत कळलं. सकाळची वेळ, जबलपूर मागे पडलेलं. इंजिनिअर ओळखीच्या गार्डला भेटायला गेले होते. ती खिडकीशी बसून थर्मासमधला चहा ओतत होती. एकदम म्हणाली, "तुम्हाला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं."

"काय?"

"हळदीकुंकवाचं. पहिल्या वर्षीचं."

मला काहीच आठवलं नाही. मी गंभीर चेहरा करून मान हलवली. तिने सांगितलं तेव्हा आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला बायकांनी तिला गाण्याचा आग्रह केला. मी पेटीवर बसलो. तिने दोन ओळी म्हटल्या आणि मी हात थांबवून सगळ्यांसमोर म्हणालो, हिचा सा हरवलाय, थाण्यात पोलिसांकडे रपट लिहवावी लागेल. सगळे खूप हसले. मलाही तो विनोद इतका आवडला की पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत होतो. त्या दिवसानंतर ती गायली नाही. आरतीतही नुसती टाळी वाजवते. मी समजत होतो की हिला गाण्याची आवड नाही.

"मी माझ्या पट्टीत सुरू केलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पेटी तुमच्याच पट्टीत धरून बसलात. मला तेव्हा कळलं नाही. घरी तुमच्या शिकवण्या ऐकून ऐकून दोन-तीन वर्षांनी कळलं."

बायकांचा आवाज वरच्या पट्टीचा असतो, साथीदाराने आधी तो शोधायचा असतो, हे मी शिष्याला दुसऱ्याच दिवशी शिकवतो. कुठल्याही फालतू गवयासाठी मी पट्टी शोधली असती. बायकोसाठी शोधावीशी वाटली नव्हती.

गप्प बसलो असतो तर माफी माझ्या नावावर जमा होती. आयती. चहा संपेपर्यंत मी गप्प बसलोही. मग सांगून टाकलं, "अगं, मला प्रयत्न म्हणायचं होतं. शब्द चुकला."

ती आधी हसली. इतकी हसली की समोरच्या बर्थवरच्या माणसाने पेपर बाजूला केला. मी पण हसायला लागलो, बरं झालं, निभावलं म्हणून. मग तिचं हसू थांबलं.

"म्हणजे ती माफी नव्हतीच."

"नव्हती. पण आता मागतो."

"आता नको. आता मी सांगितलं म्हणून मागाल."

त्यानंतर ती सतना येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी कप धुवून आणले, दोनदा. धुवायला दोनच कप होते.

बनारसला आल्यावर मी शब्द बदलून गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरवलं. चेष्टाच्या जागी खटपट, मात्रा बसत होत्या. इंजिनिअर म्हणाले, "बसतं, पण मजा गेली." बायकोला विचारलं तर म्हणाली, "राहू दे तसंच. चुकून का होईना, बरोबर लिहिलंय." गाणी इंटरनेटवर गेली. ऐकणाऱ्यांत मेहुणा आहे, इंजिनिअर आहेत, आणि कुणी एक अनोळखी माणूस, ज्याने खाली लिहिलं की गाडीच्या घोषणेची कल्पना फार सुंदर आहे.

एका रविवारी दुपारी मी पेटी पुढे ओढली आणि तिला म्हणालो, "गा. तुझ्या पट्टीत घेतो."

तिने वहीतून डोकं वर काढलं. "आता येत नाही मला," म्हणाली. रागाने नाही. स्वयंपाकात मीठ संपलंय असं सांगावं तसं. मी थोडा वेळ नुसताच भाता हलवत बसलो, मग पेटी बंद केली. हे असं जोर लावून उघडणारं दार नव्हतं.

पण नव्या गाण्याचे कागद मी आता लपवत नाही. परवा पहिलाच दाखवला. पोरांच्या पेपरांच्या गठ्ठ्यावरच तिने तो ठेवला आणि लाल पेनाने पहिल्या कडव्यात सात ठिकाणी खुणा केल्या. एका शब्दापाशी थांबून विचारलं, "हा मराठी आहे?"

"आहे ना. बहुतेक."

तिने तो खोडला, दुसरा लिहिला आणि अजून एकदा वरपासून वाचायला लागली.