बायकांची वेळ

अंधेरीचा आमचा तरण तलाव भातखाचरांवर भर घालून बांधलेला. मोठा तलाव पन्नास मीटर लांब, शेजारी लहान मुलांसाठी गुडघाभर पाण्याचा. खोल टोकाला उड्या मारायच्या फळ्या, एका अंगाला बॅडमिंटनचा हॉल आणि कॅरमची खोली, मागे कॅंटीन, आणि तलावाच्या लांबीभर सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी. ऐंशीच्या दशकात उपनगरात एवढं सगळं एका फाटकाच्या आत मिळणं ही नवलाईच होती. आम्ही मरोळहून बसने जायचो.

मी उथळ टोकाला, काठ धरून पाय मारण्यापलीकडे गेलो नाही. बायकोचं तसं नव्हतं. तिचं माहेर कोकणात खाडीला लागून. पोहायला कधी शिकली, हे तिला आठवतही नव्हतं. पहिल्या दिवशी घरी आली ती कुरकुरतच.

"हे पाणी उचलत नाही हो. खाडीत नुसतं पडून राहिलं तरी पाणी धरतं. इथे जरा थांबलं की पाय खाली."

"मग थांबू नकोस."

"तुम्ही काठ सोडा आधी, मग शिकवा मला!"

बायकांची वेळ दुपारची. तेवढा वेळ तलावाभोवतीच्या जाळीला ताडपत्री लावायचे आणि पुरुषांनी गॅलरीत फिरकायचं नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिला सोडायला जायचो आणि कॅरमच्या खोलीत बसायचो. भिंतीपलीकडून पाण्याचे आवाज यायचे, बायकांचं हसणं यायचं. त्यातला तिचा आवाज कुठला, हे ओळखायचा मी प्रयत्न करायचो. घरात मी तिला पाण्याबरोबर पाहिलं होतं ते फक्त नळावर, पिंप भरताना. तिला एकदा पोहताना बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

बाबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच असत. सासऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ती पोहण्याचा पोशाख टॉवेलखाली वाळत घालायची. तो टॉवेल दिवसभर जाड दिसायचा.

मग तलावाचा वर्धापनदिन आला. त्या दिवशी ताडपत्री काढणार, कुटुंबांना गॅलरी खुली, आणि बायकांची एक शर्यतसुद्धा. तिने नाव दिलं. मी रजा टाकली. निघताना बाबांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "मीय येतंय."

ती कपडे बदलून टॉवेल लपेटून बाहेर आली, गॅलरीकडे पाहिलं आणि जागीच थांबली. खुणेने मला जाळीपाशी बोलावलं.

"अहो, बाबांना कशाला आणलंत?"

"येतो म्हणाले. नाही कसं म्हणू?"

"मग मी नाही उतरत. सांगा तिकडे, नाव काढा."

मी परत वर आलो. काही बोलायच्या आत बाबाच उठले.

"चल रे, चाय घेवया."

"तुम्ही पुढे व्हा बाबा, मी थांबतो."

खालून तिचा आवाज आला, "अहो, पायऱ्या ओल्या आहेत. बाबांना एकटं सोडू नका!"

बाबांना मोतीबिंदू होता. मी त्यांचा हात धरला.

कॅंटीनमध्ये चहा आला तेव्हा शिट्टी वाजली. माझे कान तिकडेच. बाबा बशीत चहा ओतत म्हणाले, "मी बघलंय तिका पेवताना."

"कधी?"

"तुका पोरगी बघूक गेललंय तेव्हा. खाडीत वल्हा मोडला, होडी वाहाक लागली. काठावरसून एक चेडू दोरी तोंडात धरून पेवत इला. तीच ही. मी त्या होडयेत होतंय, ह्या तिका ठावक नाय. सांगू नको."

"कशी पोहत होती?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "पाणी वाजला नाय रे."

बाहेर टाळ्या झाल्या. मी उठलो. "बस," ते म्हणाले, "चाय निवतली."

ती दुसरी आली, हे तिनेच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री परत लागली. पुढे तलाव दुरुस्तीला बंद झाला, मुलं झाली, तिचं जाणं सुटलं. आता तिथे सगळे एकत्र पोहतात. चल म्हटलं तर ती गुडघे दाखवते. बाबाही गेले. तिला पोहताना पाहिलेलं आमच्या घरात आता कुणी नाही.