माझ्या मापाचा चौकोन

दत्ता परब गेल्याचं मला त्याच्या मुलीने, सुमाने, फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" मग उमगलं. त्याला आता दीडेक महिना होईल.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं बोरीवलीच्या एकाच कॉलनीत मोठे झालो. दत्ता फास्ट बॉलर. वेग असा, की समोरचा पॅड बांधतानाच देवाचं नाव घ्यायचा. पण बॉल टाकताना दत्ताचा कोपर वाकायचा, आणि अंपायर हात आडवा करून मोकळा व्हायचा. नो-बॉल! एका क्लबने काढलं, दुसऱ्याने घेतलंच नाही. गिरणीच्या संपात वडिलांची नोकरी गेलेली, मुलगा खेळावर कुठेतरी चिकटेल एवढीच घरच्यांची आशा, तिचीही वाट लागली. तेव्हा कॉलेजच्या पी. टी.च्या सरांनी त्याच्या हातात बेसबॉलचा बॉल ठेवला. म्हणाले, "परब, इथे फेकायचंच असतं." दत्ता त्या दिवशी नाचतच घरी आला.

आईने विचारलं, "ह्या खेळात नोकरी गावता काय रे?"

"राज्याच्या टीमीत गेलंय तर गावतली गो."

वडील कमी बोलायचे. "एक वर्ष देतो. नाही जमलं तर गपचूप कांजूरच्या कारखान्यात लागायचं."

बेसबॉलमध्ये फेकलेला बॉल बॅट्समनच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून जावा लागतो. दत्ताने मला कॉलनीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं, जिन्याच्या कठड्याचा उरलेला हिरवा ऑइलपेंट आणला आणि माझ्या मापाचा चौकोन आखला. "हलू नको रे लांब्या, गुदगुल्या झाल्या तरी!" मग वर्षभर धडाड धडाड. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू खिडकीतून ओरडायच्या, "दत्ता, मेल्या, दुपारची झोप उडवलीस!" वर्ष संपेपर्यंत चौकोनाच्या वरच्या रेघेवर तो हवा तेव्हा बॉल मारू लागला होता. यंदा दत्ता जाणार, यात मला काडीचीही शंका नव्हती.

निवड चाचणीला मीही गेलो. पहिला बॉल अगदी झकास, रेघेवरचा. अंपायर म्हणाला, पट्ट्याच्या बाहेर. दुसराही बाहेर... सगळेच उंच. दत्ताने वळून माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या बुटक्या बॅट्समनकडे, आणि भर मैदानात हसत सुटला. "लांब्या, साल्या, वर्षभर मी तुलाच आउट करत होतो ना!"

नाव आलं नाही. रडलो मी, आणि वडापाव आणून समजूत घातली त्याने. ठरल्याप्रमाणे तो कांजूरला कामाला लागला. पण रविवारी कॉलनीत जो दिसेल त्याला भिंतीशी उभं करायचा. जोशीकाकूसुद्धा सुटल्या नाहीत. भिंतीवर उंच-बुटक्या चौकोनांची ही गर्दी! पुढच्या खेपेला तो राज्याच्या टीममध्ये गेला, राखीव म्हणून. अख्खी स्पर्धा बाकावर बसून काढली, शेवटच्या सामन्यात जरा वेळ मैदान मिळालं. त्या जरा वेळावर तो पुढे कित्येक वर्षं बोलत असे. खेळाने नोकरी दिली नाही ती नाहीच. "पुढच्या सीझनला बघ तू," असं मात्र म्हणत राहिला, आणि त्याला ते खरंच वाटायचं. मला त्याचा हेवा वाटे. खांदा दुखावल्यावर तो कॉलनीतल्या पोरांना शिकवू लागला. त्याच भिंतीवर शिकलेली सुमाची मुलगी आज राज्याच्या टीममध्ये पिचर, म्हणजे बॉल फेकणारी, आहे, आणि बाकावर बसत नाही.

बाकीचे चौकोन केव्हाच पुसले गेले. माझा तेवढा दत्ता दर दिवाळीच्या आधी नव्याने रंगवायचा. परवा सुमाने बोलावलं. भिंतीशी हिरव्या रंगाचा डबा घेऊन उभी होती. मी सवयीने पाठ लावली. वरची रेघ काखेच्या चांगलीच वर राहिली. वयाने माणूस खचतो, दुसरं काय...

सुमा म्हणाली, "काका, रेघ थोडी खाली घेऊ का?"

"नको गं," म्हटलं. "थांब, मीच जरा ताठ उभा राहतो."